सहलीत ओळख पहिल्या संध्याकाळी, शिबिरात दहाव्या दिवशी

महिला विशेष सहलीची पहिली संध्याकाळ म्हणजे ओळख परेड. हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडायच्या, माइक फिरवायचा आणि प्रत्येकीने सांगायचं: नाव, राहायला कुठे, मुलं काय करतात, आजवर कुठे कुठे फिरून झालं. टूर मॅनेजर म्हणून मी हा कार्यक्रम इतकी वर्षं घेतेय, की माइक अर्ध्या हॉलमध्ये पोहोचेपर्यंत मला पुढच्या आठवड्याचा अंदाज आलेला असतो. बसमध्ये पुढच्या सीटसाठी कोण अडून बसणार, कोणाच्या गोळ्यांच्या वेळा मला लक्षात ठेवाव्या लागणार, कोण एकटी पडणार. त्याच संध्याकाळी गटही पडतात. ठाण्याच्या ठाण्याच्यांजवळ सरकतात, बँकेतल्या बँकेतल्यांजवळ. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांचं टेबल जेवायच्या आत ठरलेलं असतं.

मी मानखुर्दची. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे हे आमच्या धंद्याचे दिवस. पावसाळ्यात सहली थंडावल्या की मी विपश्यना केंद्रात धम्मसेविका म्हणून जाते. १९९२ साली लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आणि मग पुढे बेलापूरला गेली, त्यामुळे बेलापूरच्या पारसिक हिलवरचं ‘धम्म विपुल’ आम्हाला सगळ्यात जवळ पडतं. दिवस हाताशी असले तर कुर्ल्याला गाडी बदलून कसारा लोकल, पुढे घाट चढून इगतपुरीचं ‘धम्मगिरी’. एका कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचा नाही. पण दोन्हीकडे मी पडद्याच्या मागे असते, आणि म्हणूनच हल्ली ‘वेलनेस रिट्रीट’ हा शब्द जाहिरातींत आला की मला सांगावंसं वाटतं. रजा, बॅग, घरापासून लांब, कोणीतरी हातात आणून दिलेलं जेवण, हे सगळं दोन्हीकडे सारखंच दिसतं; आतली मांडणी मात्र पार वेगळी आहे. खाली जे किस्से सांगतेय त्यांतल्या बायकांची नावं आणि ओळखीच्या खुणा मुद्दाम काढून टाकल्यात.

मांडणीत पहिल्यांदा नजरेला येतं ते वेळापत्रक. मराठी सहलीत ‘सहा-सात-आठ’ हा मंत्र आहे: सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला गाडीत. लोक कुरकुरतात आणि पाळतात, कारण उशीर झाला तर एखादं ठिकाण सुटतं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान सुरू, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा, रात्री सातला प्रवचन, साडेनऊला झोप. मधल्या सगळ्या वेळात डोळे मिटून बसायचं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, चौथ्या दिवसापासून सगळ्या शरीरावरच्या संवेदनांकडे. सहलीचं वेळापत्रक जास्तीत जास्त पाहून व्हावं म्हणून आखलेलं असतं. शिबिराचं आखलेलं असतं ते बाहेर पाहण्यासारखं काही उरू नये म्हणून.

नोंदणीच्या दिवशी सेविकेची कसोटी लागते. दुपारपासून बायका यायला लागतात. फोन जमा, पुस्तकं जमा, वही-पेनसुद्धा जमा. फोन देताना बहुतेकींचा हात क्षणभर थांबतोच. मुलाला शेवटचा मेसेज, मग कामाच्या बाईला, मग परत मुलाला. एक आजी मात्र फोनपेक्षा जपमाळ द्यायला तयार होईनात. या दहा दिवसांत दुसरी कुठलीही साधना, जप, व्रत करायचं नाही असा नियम आहे. तो का आहे, ते सांगणं सेविकेचं काम नाही. ती शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांकडे घेऊन जाते. आजी आत गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि त्यांनी माळ रुमालात बांधून माझ्या हातात दिली. ‘जपून ठेव गं,’ एवढंच म्हणाल्या.

त्याच टेबलावरचा दुसरा किस्सा पैशांचा. आमच्याच भागातली, लल्लूभाई कंपाउंडमध्ये राहणारी एक बाई पाकिटात पाचशे रुपये घालून आली होती. तिथे रुळांलगतच्या झोपड्यांमधून हलवलेली हजारो कुटुंबं राहतात, तिचंही त्यातलंच. ‘राहायचं, खायचं, आणि काहीच घेणार नाही असं कसं? पावती फाडा.’ टेबलावरच्या ताईंनी नकार दिला. विपश्यनेत शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत आणि ज्याने एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं नाही त्याच्याकडून दानही घेत नाहीत. आधीच्या साधकांच्या दानावर आत्ताच्यांचं शिबिर चालतं. बाईला हे पटेना. फुकट म्हणजे पुढे काहीतरी विकतील, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. माझ्या दुसऱ्या धंद्यात याच्या बरोबर उलटं असतं: आगाऊ बुकिंगला सवलत, शेवटचा हप्ता निघण्याआधी. पैसे आधी दिले की माणूस ग्राहक होतो आणि ग्राहकाला हवं ते मागायचा हक्क येतो. आम्हाला शिकवलेलंच असतं, की पाहुण्याला ‘नाही’ हा शब्द ऐकवायचा नाही. मनालीत पुरणपोळी हवी? आमचे स्वयंपाकी महाराज करतील. गीझर गरम नाही? खोली बदलून देऊ. शिबिरात पैसेच दिलेले नसतात, त्यामुळे मागणीला आधार उरत नाही. ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. दहा दिवस माणूस दुसऱ्याच्या दानावर जेवतो, आणि मोठ्या पगाराच्या बायकांनाच ते जास्त अवघड जातं असं मी पाहिलंय.

चारच्या घंटेबद्दल मात्र सगळ्यांचा समज चुकीचा आहे. इतक्या पहाटे उठणं हीच शिबिरातली मोठी शिक्षा, असं बाहेर बोललं जातं. छोटी घंटा हातात घेऊन खोल्यांपुढून चालत जायचं काम मी अनेकदा केलंय. मानखुर्द-गोवंडीकडच्या बायकांच्या खोलीत मी पोहोचायच्या आत दिवा लागलेला असतो. नळाला पाणी येतं त्या वेळेला उठायची त्यांची आयुष्यभराची सवय. टॉवरमधून आलेल्यांना घंटा जड जाते, पण दोन-तीन दिवसांत त्यांनाही जमतं. आमच्या बायकांना अवघड जातो तो दुपारचा बारा ते एकचा तास, विश्रांतीचा. हातात काम नाही, फोन नाही, कोणी हाक मारत नाही. एक मावशी रोज त्या वेळेला स्वच्छतागृहाबाहेरची पायपुसणी झटकून सरळ करत असत. मी खुणेने सांगितलं, राहू द्या. त्या थांबल्या, आणि माझी पाठ वळताच पुन्हा वाकल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी मी पाहिलं, तर त्या झाडाखालच्या कट्ट्यावर नुसत्या बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे. त्या तासाभरात त्यांनी काही केलं नाही. सहलीत मी हजार सोयी पुरवते, पण कोणाला काही न करता बसू देणं ही सोय माझ्याकडून कधी झालेली नाही. पाहुणी पाच मिनिटं गप्प बसली, की ती कंटाळली असं समजून अंताक्षरी सुरू करायची, असं आमचं शिक्षण.

जेवणघर ही सेविकेची खरी जागा. मोठ्या केंद्रांत स्वयंपाकाला पगारी माणसं असतात. वाढणं, साधिकांची सोय-गैरसोय पाहणं, कोण जेवायला आली नाही ते बघणं आमच्याकडे. अकराला दार उघडतं. वरण-भात, पोळी, दोन साध्या भाज्या. ओळ पुढे सरकते, कोणी मान वर करत नाही. आर्य मौन म्हणजे बोलायचं तर नाहीच, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. वाढणाऱ्या मला फक्त हात दिसतात. पहिल्या दिवशी ताटं भरभरून घेतली जातात. संध्याकाळी पाचला चहा आणि हलकं खाणंच मिळणार, ही धास्ती असते; आधी शिबिर केलेल्या जुन्या साधिकांना तर बारानंतर जेवण नाही, संध्याकाळी फक्त लिंबूपाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भात उरायला लागतो. पोट भरलेलं ठेवून डोळे मिटले की झोप येते, हे कोणी न सांगता ज्याचं त्याला कळतं. नंतर प्रत्येकजण आपलं ताट आपण धुऊन जागेवर ठेवते.

नियम कडक असले तरी माणसाच्या वर नाहीत, हेही आतूनच दिसतं. मधुमेह असलेल्या एका बाईंना रात्री गोळीआधी काहीतरी खाणं भाग होतं. त्यांनी फॉर्मवर तसं लिहिलेलं होतं. आचार्यांच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी वेगळी ताटली झाकून ठेवली जायची. बाकी कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. सहलीच्या बसमध्ये एकीला वेगळं मिळालं की मला संध्याकाळपर्यंत पंचवीस जणींना उत्तर द्यावं लागतं. मौनामुळे तुलनाच बंद होते. कोणाला काय मिळालं हे विचारायला तोंडच उघडत नाही.

दुसरा आणि सहावा दिवस हे पळून जावंसं वाटण्याचे दिवस, असं शिबिरात सगळे जुने लोक सांगतात. दुसऱ्या संध्याकाळी एक तरुण मुलगी, आयटीतली, बॅग भरून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘ताई, मी रिलॅक्स व्हायला आले होते. इथे तर डोकं जास्तच चालायला लागलंय.’ सहलीत अशा पाहुणीला मी आलं घातलेला चहा देते, जवळ बसते, तिचं लक्ष दुसरीकडे वळवते. इथे लक्ष वळवायचं नाही, समजूत घालायची नाही, स्वतःचे अनुभव तर मुळीच ऐकवायचे नाहीत. मी तिला आचार्यांकडे नेलं. ती राहिली. आणखी एक जण मात्र तिसऱ्या दिवशी गेली. घरी लहान बाळ होतं आणि तिचा जीव त्याच्यात अडकला होता. तिला जाऊ दिलं, कोणी बोल लावला नाही. मला वाटतं, तिने बरोबर केलं. दहा दिवस पूर्ण करण्याचा निश्चय करूनच या, असं केंद्र आधीपासून सांगतं, आणि तो निश्चय घरच्यांच्या संमतीशिवाय टिकत नाही.

त्या आयटीतल्या मुलीचं वाक्य आठवलं की मला ही विपश्यना भारतात शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांची गोष्ट आठवते. मंडाले इथे जन्मलेले, ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी. तीव्र अर्धशिशीने हैराण, देशोदेशीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले. १९५५ साली ते रंगूनला विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखी घालवायला आलोय म्हटल्यावर त्यांना नकार मिळाला. शारीरिक दुखणं बरं करायला ही विद्या वापरणं म्हणजे तिची किंमत कमी करणं, मन शुद्ध करायचं असेल तर या, असं त्यांना सांगण्यात आलं. गोयंका स्वतः हा प्रसंग पुढे वारंवार सांगत. ते १९६९ साली भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईतच घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. आज जाहिरातीत सात दिवसांत ताण घालवण्याची हमी वाचली की मला तो नकार फार मोलाचा वाटतो. जो येणाऱ्याला आधी त्याची अपेक्षा दारात ठेवायला सांगतो, त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी असतं.

सगळी आरोग्य-शिबिरं विपश्यनेसारखी नसतात, हेही सांगायला हवं. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलं आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. तिथे माणूस आसनं, प्राणायाम, आहार शिकायला जातो, बोलायला बंदी नसते. पुण्याजवळ उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम तर आजाऱ्यांसाठीच आहे. त्याच्या जन्माची हकीकत मला आमच्या वस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. गांधीजींनी आधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात काम करायचं ठरवलं होतं. पण शहरातल्या अशा जागी गरीब येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला गेले. तिथे काही दिवस राहून त्यांनी गावकऱ्यांना तपासलं आणि पुढचं काम मणिभाई देसाईंवर सोपवलं. विश्रांतीचा आणि बरं होण्याचा हक्क पैशांवर अवलंबून राहू नये, हा आग्रह महाराष्ट्रात इतका जुना आहे. माझ्या दाराशी देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे, दिवसरात्र ट्रकची रांग असलेला घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड आहे. शांतता ज्यांच्या नशिबीच नाही अशा लोकांना ती विकत घ्यायला लावणं मला मान्य नाही. डोंगरकड्यावरचा स्पा असलेला रिसॉर्ट वाईट नसतो, तिथे अंग चोळून मिळतं, झोप लागते. पण तिथे पाहुणाच मालक असतो आणि सगळं त्याच्या इच्छेवर चालतं. मी त्याला सहलच म्हणेन.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावना शिकवतात आणि मौन सुटतं. सेविका या वेळेची वाट पाहत असते. हॉलचं दार उघडतं, पहिला आवाज कोणाचा तरी दबका ‘नमस्ते’ असतो, आणि पाच मिनिटांत अंगणात इतका कलकलाट होतो, की कान दुखतात. अशाच एका दिवशी दोघी एकमेकींना शोधत आल्या. दोघींची आसनं हॉलमध्ये दहा दिवस शेजारी शेजारी होती. एकीला खोकला होता. तो आला की दुसरी आपली उशी जरा मागे सरकवून तिला बाहेर जायला वाट करून द्यायची. एवढाच त्यांचा संबंध. बोलायला लागल्यावर कळलं, की एक चेंबूरला बँकेत अधिकारी आहे आणि दुसरी चेंबूरलाच चार घरची धुणीभांडी करते, राहते आमच्या महाराष्ट्र नगरात. दोघीही एक क्षण थांबल्या. मग अधिकारी बाईंनी विचारलं, ‘खोकल्यासाठी काय घेता?’ आणि बोलणं पुढे गेलं. माझ्या ओळख परेडमध्ये या दोघींनी पहिल्याच संध्याकाळी आपापली ओळख सांगितली असती आणि पुढचा आठवडाभर त्यांची टेबलं वेगळी राहिली असती. त्यातही, धुणीभांडी करणारी बाई माझ्या सहलीत येऊच शकत नाही. तिला ते परवडत नाही.

पाचशेचं पाकीट आणलेली बाई त्या दुपारी दानाच्या टेबलाशी आली. किती दिले ते मी पाहिलं नाही, पाहायचं नसतं. जाताना म्हणाली, ‘आता पुढच्या कोणाचं तरी जेवण होईल.’

मला दोन्ही कामं प्रिय आहेत. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली साठीची बाई बर्फ हातात घेऊन रडते, तेव्हा मीही रडते. तो आनंद खरा आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. म्हणून विचारणाऱ्याला मी सरळ उत्तर देते. घरच्यांबरोबर हसायचं-खेळायचं असेल, नवं काही पाहायचं असेल, तर सहलीला जा. दहा दिवस आपल्या मर्जीचं काहीही होणार नाही, हे चालणार असेल तरच शिबिराचा फॉर्म भरा. स्वस्तात सुट्टी म्हणून जाऊ नका. तुमची जागा कोणा गरजूला मिळू शकली असती.

फॉर्मवर आजार आणि औषधं लपवू नका, मनाचे आजार तर मुळीच लपवू नका. गंभीर मानसिक आजारात हे शिबिर त्रासदायक ठरू शकतं आणि केंद्रही तसं स्पष्ट सांगतं. ते डॉक्टरी उपचारांना पर्याय नाही. चालू गोळ्या बंद करून कोणीही जाऊ नये. घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा नंबर देऊन ठेवा, अडचण आली तर निरोप आत पोहोचतो. राज्य सरकारी नोकरीत असाल तर विपश्यनेसाठी रजेची तरतूद आहे, कार्यालयात विचारा. आणि अकराव्या दिवशी सकाळी शिबिर सुटलं की लगेच कामावर जाऊ नका. तो एक दिवस मोकळा ठेवा, आणि बायांनो, त्या दिवशीचा घरचा स्वयंपाक कोण करणार ते निघण्याआधीच ठरवून जा.